घरातली रोजची प्रार्थना: कशी सुरू करायची, कशी टिकवायची

३१ डिसेंबरच्या रात्रीच्या उपासनेहून घरी परतल्यावर अनेक ख्रिस्ती घरांत ठराव होतो: उद्यापासून रोज सगळ्यांनी मिळून प्रार्थना करायची. पहिला आठवडा छान जातो. चार-पाच गीते, दोन अध्याय वाचन, प्रत्येकाची लांब प्रार्थना. मग मुलांची चाचणी परीक्षा येते, कुणाला रात्रपाळी लागते, गावाहून पाहुणे येतात आणि संक्रांतीच्या सुमारास सगळे बंद पडते. घरचे लोक मनाला लावून घेतात की आपला विश्वासच कमी पडला. खरे तर झेपणार नाही एवढे मोठे काम एकदम अंगावर घेतलेले असते.

इथे दिलेली पद्धत बारा मिनिटांची आहे. नुकतेच विश्वासात आलेले कुटुंब, नवे लग्न झालेले जोडपे, किंवा मंडळीत (चर्चमध्ये) लहानाचे मोठे होऊनही घरात कधी प्रार्थना न पाहिलेले लोक, या सगळ्यांना ती जमते. वाढवायची घाई करू नका. बारा मिनिटे वर्षभर टिकली तर घरात जे बदलते, ते एका महिन्याच्या तासभराच्या उपासनेने बदलत नाही.

आधी वेळ ठरवा

‘रात्री नऊ वाजता’ असे ठरवले की नऊचे साडेनऊ होतात आणि साडेनऊला ‘आता उद्या बघू’. त्यापेक्षा घरात रोज होणाऱ्या एखाद्या कामाला प्रार्थना जोडा. सगळ्यांत चांगली वेळ रात्रीच्या जेवणाआधीची. स्वयंपाक झाला, गॅस बंद केला, पाने घ्यायच्या आधी सगळे बसले. भूक लागलेली असते, त्यामुळे कुणी लांबण लावत नाही. जेवणानंतर ठेवलेली प्रार्थना बहुतेक घरांत आईला वगळून होते, कारण ती ओट्याशी असते. शिवाय लहान मुले पेंगायला लागतात.

पाळीत काम करणाऱ्यांच्या घरी संध्याकाळ जमत नसेल तर सकाळचा चहा धरा. दोघेच घरी असतील तर दोघांनीच बसा, तिसऱ्याची वाट पाहत दिवस घालवू नका. आठवड्यातले पाच दिवस पुरेत. रविवारी मंडळीबरोबर उपासना असतेच, आणि एक दिवस मोकळा ठेवला की चुकलेल्या दिवसाचे ओझे राहत नाही.

सामान थोडे लागते: छापील पवित्र शास्त्र, गीतांचे पुस्तक, एक दोनशे पानी वही, पेन. हे सगळे एका पिशवीत, एका ठरलेल्या जागी. मोबाइलवरचे बायबल प्रवासात उत्तम. घरच्या प्रार्थनेत मात्र मधेच मेसेज येतो आणि वाचणाऱ्याचे डोळे तिकडे जातात. टीव्हीचा आवाज कमी करून चालत नाही, तो बंदच करा.

बारा मिनिटांचा क्रम

गीत दोन मिनिटे, वाचन तीन, बोलणे तीन, प्रार्थना तीन, आणि शेवटी सगळ्यांनी एकत्र म्हणायची प्रभूची प्रार्थना एक मिनिट (मत्तय ६:९-१३, म्हणजे सहावा अध्याय, वचने ९ ते १३).

गीत महिनाभर एकच ठेवा. नवे गीत रोज काढले तर एकटी आजी गाते आणि बाकीचे पुस्तकात बघतात. एक कडवे आणि ध्रुवपद एवढेच घ्या. नारायण वामन टिळकांनी (१८६१–१९१९) मराठी मंडळीला अभंग-भजनाच्या चालीतली गीते दिली, आणि ती घरासाठी फार सोयीची आहेत: पेटी नसली तरी टाळांवर किंवा नुसत्या टाळ्यांवर चालतात. एकाने ओळ सांगायची, बाकीच्यांनी मागून म्हणायची. ज्याला वाचता येत नाही, त्यालाही अशाने गाता येते.

वाचन एकाने करायचे आणि दिवस वाटून घ्यायचे. सोमवारी बाबा, मंगळवारी मुलगी, बुधवारी आजी. एकच माणूस रोज वाचतो, तोच समजावतो आणि तोच प्रार्थना करतो, अशा घरी तो माणूस गावाला गेला की प्रार्थनाही त्याच्याबरोबर जाते.

काय वाचायचे

उत्पत्तीच्या पहिल्या पानापासून सुरुवात करू नका. लेवीय हे तिसरे पुस्तक येईपर्यंत बहुतेक जण थकलेले असतात. सुरुवात मार्ककृत शुभवर्तमानाने करा. चार शुभवर्तमानांतले ते सर्वांत लहान, सोळाच अध्यायांचे, आणि त्यात घटना भराभर घडतात. रोज दहा-बारा वचने, आठवड्याला पाच दिवस, या वेगाने ते साधारण तीन महिन्यांत पुरे होते. सहाव्या अध्यायातला बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचा वध लहान मुलांपुढे जसाच्या तसा वाचण्याऐवजी दोन वाक्यांत सांगा.

त्यानंतर रूथ (चार अध्याय, सासू-सुनेची ही कथा आपल्या घरांना सहज कळते), मग फिलिप्पैकरांस पत्र (चार), मग याकोबाचे पत्र (पाच). मोठी मुले असतील तर नीतिसूत्रे तारखेप्रमाणे घेता येतात: अध्याय ३१, महिन्याचे दिवसही जास्तीत जास्त ३१. सात तारखेला सातवा अध्याय उघडायचा आणि त्यातली पाच-सहा वचने निवडायची. मधे दिवस बुडाला तरी शोधाशोध नाही.

नाताळासाठी एक हिशेब उपयोगी पडतो. लूक १:१ ते २:२० ही बरोबर १०० वचने आहेत. १ डिसेंबरपासून रोज चार वाचली की २५ तारखेला मेंढपाळ देवाची स्तुती करत परत जातात तिथे आपण पोहोचतो. नाताळच्या सकाळी दुसऱ्या अध्यायातली पहिली वीस वचने पुन्हा सलग वाचा.

भाषांतराचा प्रश्न प्रत्येक घरात येतो. बायबल सोसायटीच्या जुन्या भाषांतराची भाषा आजी-आजोबांना तोंडपाठ असते, पण आठ वर्षांच्या मुलाला ‘तेव्हा तो त्यांस म्हणाला’ हे परके वाटते. वाचनासाठी सोप्या मराठीतले भाषांतर घ्या, पाठांतरासाठी जुने ठेवा. सोपी भाषा म्हणजे काहीतरी कमी दर्जाचे, असे मुळीच नाही. पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये हिब्रू आणि ग्रीक शिकून साध्या बायकांना कळेल अशा मराठीत संपूर्ण बायबल आणण्यासाठी आयुष्याची शेवटची वर्षे दिली.

इंग्रजी माध्यमाची मुले देवनागरी अडखळत वाचतात आणि सगळ्यांसमोर लाजतात. त्यांना वाचायला लावण्याऐवजी मोठ्यांनी वाचावे आणि मुलांनी ऐकलेले सांगावे, हव्या त्या भाषेत. परदेशातल्या मराठी घरांतही हेच जमते. आठवड्यातून एकदा वाचन गावाकडच्या आजोबांनी व्हिडिओ कॉलवर केले तर आणखी बरे.

तीन मिनिटांचे बोलणे: इथेच खरी गंमत आहे

प्रवचन करू नका. तीन प्रश्न पुरतात: काय घडले? यात येशू कसा दिसतो? आज आपल्या घरात याचे काय करायचे?

मार्क २:१-१२ घ्या. कफर्णहूमात एका घरात एवढी गर्दी आहे की दारातही जागा नाही. चौघे जण एका पक्षाघात झालेल्या माणसाला बाजेवर घालून आणतात, आत शिरता येत नाही म्हणून छप्पर उघडतात आणि बाज खाली सोडतात. ‘काय घडले’ म्हटल्यावर मुले लगेच विचारतील की ज्याचे घर होते तो ओरडला नाही का, खालच्या लोकांच्या डोक्यावर माती पडली असेल ना. पडू द्या असे प्रश्न, त्यांनीच घटना डोळ्यांपुढे येते. मग पाचव्या वचनावर थांबा: येशूने ‘त्यांचा विश्वास’ पाहिला. चौघांनी केलेली धडपड त्याने विश्वास म्हणून पाहिली. आता तिसरा प्रश्न: सध्या आपल्या घरात बाजेवर कोण आहे? नोकरी गेलेला काका असेल, गुडघ्यांनी हैराण आजी असेल, गणिताला घाबरलेला धाकटा असेल. बाजेची चार टोके चौघांनी वाटून घ्या. काकांना फोन कोण करणार, आजीला शेक कोण देणार, धाकट्याला रोज पंधरा मिनिटे कोण शिकवणार. संध्याकाळच्या वाचनातून उद्याचे काम निघाले की विश्वास घरात उतरायला लागतो.

मार्क ५ मध्येही असेच. याईराच्या बारा वर्षांच्या मुलीला उठवल्यावर येशू लगेच काय सांगतो? तिला खायला द्या. एवढ्या मोठ्या चमत्कारानंतर पोरीच्या पोटाची आठवण. हे वचन लहान मुलांना फार आवडते, आणि रोज तिन्ही त्रिकाळ रांधणाऱ्या आईलाही ते ऐकू येऊ द्या.

प्रश्नाचे उत्तर कुणाला सुचले नाही तर दहा सेकंद गप्प बसा, स्वतःच उत्तर देऊन टाकू नका. ‘मला नाही पटत’ असे एखादा पंधरा वर्षांचा मुलगा म्हणाला तर त्याला तिथल्या तिथे गप्प करू नका. वहीत त्याचा प्रश्न लिहा, रविवारी पाळकांना किंवा फादरना विचारा आणि उत्तर घरी आणून सांगा. ज्या घरात शंका बोलता येते, तिथली मुले मोठी झाल्यावरही त्या विषयावर बोलत राहतात.

प्रार्थना: छोटी, खरी, नाव घेऊन

नवख्या माणसाला मोठ्याने प्रार्थना करायची भीती वाटते. त्यांच्यासाठी तीन वाक्ये ठरवून द्या: एक आभाराचे, एक मागणीचे, एक दुसऱ्यासाठी. ‘प्रभू, आज पाऊस असूनही बाबा वेळेवर घरी आले म्हणून आभार. उद्याच्या पेपरला माझे मन शांत ठेव. शेजारच्या काकूंचं ऑपरेशन नीट होऊ दे. आमेन.’ एवढी प्रार्थना पुरेशी आहे. ‘सगळ्यांना आशीर्वाद दे’ यासारख्या मोघम प्रार्थनेत ऐकणाऱ्याला धरायला काही नसते.

घरोघरी होणारी एक चूक मुलांच्या मनात खोल जाते. बाबा डोळे मिटून म्हणतात, ‘हे प्रभू, आमच्या या मुलाला मोबाइल सोडण्याची बुद्धी दे, मोठ्यांना उलट बोलण्याची त्याची सवय काढून टाक.’ बोलणे देवाशी आहे, पण रोख मुलावर आहे, हे मुलाला लगेच समजते. पुढच्या वेळी प्रार्थना म्हटले की तो बाथरूममध्ये जाऊन बसतो. जे मुलाला सांगायचे ते डोळे उघडे ठेवून, त्याच्याशी, एकांतात सांगा. प्रार्थनेत त्याच्यासाठी आभार माना.

वहीत तीन रकाने आखा: तारीख, कुणासाठी व काय मागितले, पुढे काय झाले. तिसरा रकाना भरायचा राहून जातो, म्हणून महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारी वाचनाऐवजी वहीच वाचा. जिथे उत्तर मिळाले तिथे आभार. जिथे मिळाले नाही तिथे रकाना कोराच राहू द्या. ‘देवाची इच्छा’ म्हणून घाईने तो बंद करू नका. घरातल्या कुणाची नावे किंवा खासगी गोष्टी या वहीतून मंडळीच्या ग्रुपवर जाऊ देऊ नका. प्रार्थनेची विनंती म्हणून गेलेली गोष्ट संध्याकाळपर्यंत चर्चेचा विषय होते.

लहान मुले कंटाळली तर स्तोत्र १३६ काढा. सव्वीस वचने आहेत आणि प्रत्येकात ‘त्याची दया सनातन आहे’ हे पालुपद येते. वाचणाऱ्याने अर्धे वचन वाचायचे, पालुपद मुलांनी म्हणायचे. ज्या मुलाला अक्षरओळख नाही तोही सव्वीस वेळा उपासनेत भाग घेतो.

कॅथलिक घरांत संध्याकाळची रोझरी (जपमाळेची प्रार्थना) हाच सांगाडा तयार आहे; गोव्यात तिला तेर्स म्हणतात. पाच दशके पुरी म्हणायला पंधरा-वीस मिनिटे लागतात. अगदी नव्या कुटुंबाने एका दशकाने सुरुवात करावी: एक ‘हे आमच्या बापा’, दहा ‘नमो मरिया’, एक त्रित्वस्तुती. प्रत्येक दशकाबरोबर येशू व मरियेच्या जीवनातल्या एका प्रसंगाचे मनन करतात, त्याला रहस्य म्हणतात: सोमवार-शनिवार आनंदाची रहस्ये, मंगळवार-शुक्रवार दुःखाची, बुधवार-रविवार गौरवाची आणि गुरुवारी प्रकाशाची. त्या दिवसाच्या रहस्याचा बायबलमधला उतारा आधी चार ओळी वाचला तर जप नुसता तोंडाने होत नाही.

दिवसभरात विखुरलेले

बायबलमधल्या ‘अनुवाद’ या पुस्तकात (६:७) आई-बापांना सांगितले आहे की घरी बसता, वाटेने चालता, निजता, उठता मुलांशी या वचनांविषयी बोलत जा. म्हणजे बारा मिनिटांबाहेरचा दिवसही मोजलेला आहे.

झोपताना मुलाच्या डोक्यावर हात ठेवून गणना ६:२४-२६ चा आशीर्वाद म्हणा: ‘परमेश्वर तुला आशीर्वाद देवो व तुझे संरक्षण करो…’ याला अर्धे मिनिट लागते. ज्या दिवशी मुलाला रागावला असाल त्या दिवशी तो चुकवू नका. इफिसकरांस ४:२६ सांगते की सूर्य मावळण्याआधी राग सोडा. निदान दिवा मालवण्याआधी तरी सोडावा.

उत्तेजन द्यायचे ते नेमके शब्दांत. ‘शाबास, गुणी बाळ’ हे मुलाच्या कानावरून जाते. ‘आज कुणी न सांगता तू आजोबांना पाणी आणि गोळी नेऊन दिलीस. त्यांना किती बरं वाटलं ते मी पाहिलं. देवाने तुला दुसऱ्याचं दुखणं दिसेल असे डोळे दिलेत.’ काय पाहिले, त्याने कुणाचे भले झाले आणि देवाचे आभार, हे तिन्ही त्यात आले. नवरा-बायकोनेही एकमेकांना दिवसाकाठी एक तरी असे वाक्य म्हणावे. सुरुवातीला अवघडल्यासारखे होते, पंधरा दिवसांत सवय होते.

क्षमा मागायची तर ‘पण’ न घालता. ‘मी चिडलो, पण तूही…’ ही क्षमा नव्हे, नवे भांडण आहे. ‘मी सगळ्यांसमोर तुझ्यावर ओरडलो. ते चुकलं. मला क्षमा कर.’ आणि मग थांबायचे. समोरच्याने, विशेषतः मुलाने, लगेच ‘केली क्षमा’ म्हणावे म्हणून वचनाचा धाक घालू नका.

जेव्हा घरात दुःख असते

आजार, मृत्यू, कर्ज, तुटलेले नाते अशा दिवसांत गीत आणि बोलणे सोडून द्या. एक स्तोत्र वाचा, प्रभूची प्रार्थना म्हणा, संपले. स्तोत्र १३ मध्ये सहाच वचने आहेत आणि पहिल्या दोनांत देवाला चार वेळा ‘कुठवर?’ असे विचारले आहे. स्तोत्र ८८ तर अंधारातच संपते. असे बोलणे पवित्र शास्त्रातच आहे, म्हणून घरात रडायला आणि देवाला जाब विचारायला मोकळीक असावी. भीतीसाठी २७ आणि ४६, प्रवासाला निघताना १२१, अपराधाच्या ओझ्यासाठी ५१, झोप येत नसेल तर चौथे. दुःखी माणसाला ‘विश्वास ठेव, सगळं चांगलं होईल’ असे सांगू नका. रोमकरांस १२:१५ एवढेच सांगते की रडणाऱ्यांबरोबर रडा.

प्रार्थना करतो म्हणून रक्तदाबाची, मधुमेहाची किंवा मनोविकाराची औषधे बंद करायची नाहीत. डॉक्टरकडे जाणे अविश्वास नव्हे. मन फार खचले असेल तर १४४१६ या टेली-मानस क्रमांकावर मोफत बोलता येते. आणि घरात मारहाण होत असेल तर ‘क्षमा कर, प्रार्थना कर, सहन कर’ असा सल्ला कुणी दिला तरी तो मानू नका. आधी सुरक्षित ठिकाणी जा. महिलांसाठी १८१, मुलांसाठी १०९८, तातडीसाठी ११२. क्षमेचा विचार सुरक्षित झाल्यावर, स्वतःच्या वेळेने.

घरात सगळेच विश्वासी नसतील तर

एकटी सून किंवा एकटा मुलगा प्रभूला मानतो, बाकी घर आपापल्या देवाला, अशी घरे महाराष्ट्रात पुष्कळ आहेत. तिथे दिवाणखान्यात मोठ्याने उपासना मांडू नका. सकाळी दहा मिनिटे आपल्या खोलीत वाचन व प्रार्थना, आणि रविवारी मंडळी. सासूबाईंच्या पूजेच्या वेळी मुद्दाम गीत लावणे किंवा त्यांच्या देवाविषयी टोचून बोलणे याने मने तुटतात. १ पेत्र ३:१ मध्ये अविश्वासी नवऱ्यासंबंधी जे सांगितले आहे, ते सगळ्याच नात्यांना लागू करण्यासारखे आहे: वचनावाचून, वागणुकीने. कुणी आपणहून विचारले तर दोन वाक्यांत सांगा. मुलांना काय शिकवायचे हे नवरा-बायकोने आधी आपसात ठरवावे, मुलांसमोर वाद घालून नव्हे.

बंद पडले तर

पडेलच कधीतरी. पुन्हा सुरू करताना बुडालेले दिवस भरून काढू नका. खूण जिथे होती तिथूनच पुढे वाचा. पहिल्या आठवड्यात नुसते जेवणाआधीचे आभार आणि प्रभूची प्रार्थना, दुसऱ्या आठवड्यात वाचन जोडा, तिसऱ्यात प्रश्न, चौथ्यात गीत. का बंद पडले तेही पाहा. वेळ चुकीची असेल तर ती बदला. एकाच माणसावर भार असेल तर दिवस पुन्हा वाटा. जूनमध्ये शाळा आणि शिकवण्यांचे वेळापत्रक बदलते, तेव्हा प्रार्थनेची वेळही बदलावी लागते. मेच्या शेवटच्या आठवड्यात सगळ्यांनी बसून नवी वेळ ठरवा आणि वहीच्या पहिल्या पानावर लिहा. मोठा मुलगा वसतिगृहात जाणार असेल तर घरी चालू असलेल्या पुस्तकाची एक प्रत त्याच्या सामानात घाला, रोजचा उतारा त्याला कळवा, आणि शनिवारी फोनवर त्या आठवड्याच्या तिसऱ्या रकान्यात काय लिहायचे ते त्यालाच विचारा.